बिलाबाहेरची वीज : आमची वाटचाल

बाबांचं विद्युत ठेकेदारीचं लायसन आणि कोल्हापुरातला एक गाळा, एवढ्यावर आमचं काम सुरू झालं. वायरिंग, पॅनेल, अर्थिंग. पुढे मी ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा पास झाले आणि आम्ही इमारतींचा वीजवापर मोजून द्यायला लागलो. आज आम्ही पाच जण आहोत. मधली सगळी वर्षं सांगत बसत नाही. ज्या कामाने आमची पद्धत बदलली, तेवढं सांगते.

चार हजार चौरस मीटरची ऑफिसची इमारत होती. वर्षाला चार लाख ऐंशी हजार युनिट, म्हणजे चौरस मीटरला १२०. मालकांनी गच्चीवर १०० किलोवॅटचं सोलर बसवलं. पुढच्या वर्षी बिलातली युनिटं तीन लाख साठ हजारांवर आली. भागाकार केला, ९० आले. इमारत सुधारली असा अहवाल मी सही करून दिला.

तिथले मेंटेनन्सचे सुपरवायझर अहवाल वाचून म्हणाले, "ताई, एसीचा चिलर तर आधीपेक्षा जास्त वेळ चालतोय. मग वीज कमी कशी झाली?"

मी त्यांच्याबरोबर गच्चीवर गेले आणि सोलरच्या मीटरचं रीडिंग घेतलं. वर्षभरात एक लाख चाळीस हजार युनिटं तयार झाली होती. नेट मीटरिंगच्या बिलात आयातीतून, म्हणजे ग्रिडकडून घेतलेल्या विजेतून, निर्यात, म्हणजे ग्रिडला दिलेली सोलरची जादा वीज, वजा झालेली असते. सोलरची जी वीज थेट आतच वापरली जाते, ती त्या मीटरपर्यंत पोचतच नाही. खरा वापर म्हणजे सोलरची निर्मिती, अधिक आयात, वजा निर्यात. तो पाच लाख निघाला, म्हणजे चौरस मीटरला १२५. वापर वाढला होता. चिलरच्या कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, नळ्यांत क्षार साचले होते आणि माझ्या अहवालामुळे ते आणखी एक उन्हाळा तसेच राहिले असते. अहवाल परत घेतला, नवा दिला, पैसे घेतले नाहीत.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोकडून इमारतींना मिळणाऱ्या स्टार रेटिंगमध्ये जागेवरची सोलर वीज धरत नाहीत. विकत घेतलेली आणि जनरेटरची धरतात. तो नियम त्या कामासाठी ठीक आहे. पण इमारतीला किती वीज लागते हे बघायचं तर सोलर धरलंच पाहिजे. म्हणून आम्ही दोन्ही आकडे देतो, आणि कुठला कशासाठी ते आकड्याशेजारीच लिहितो.

तेव्हापासून नियम एकच: आधी सगळं मोजायचं, वगळायचं ते नंतर, आणि तेही मीटर असेल तरच. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरला सबमीटर असेल तर तो वजा करतो. "साधारण इतकं जात असेल" म्हणून काहीही वजा करत नाही. भाडेकरूंची वेगळी बिलं मागतो. ती मिळवताना सगळ्यात जास्त पायपीट होते, पण फक्त कॉमन मीटर धरला तर लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे एवढंच हाती लागतं. तळमजल्यावर हॉटेल असेल तर गॅसही: १९ किलोच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे २४० युनिटांची उष्णता असते. क्षेत्रफळात पार्किंग धरत नाही. महिने सलग बारा, बिलाच्या रीडिंगच्या तारखांप्रमाणे.

उच्चदाब ग्राहकांचं, म्हणजे जास्त व्होल्टेजवर वीज घेणाऱ्या मोठ्या ग्राहकांचं, बिल केव्हीएएचवर येतं, पण आपल्याला हवं ते केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष कामाला आलेली युनिटं. पॉवर फॅक्टर, म्हणजे केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच, ०.९० असेल तर दोन्हींत दहा टक्क्यांचा फरक पडतो. नव्या मुलांकडून ही चूक अजून होते, म्हणून प्रत्येक बिल दोघांनी बघायचं असं ठरवलंय.

आणि जनरेटर. डिझेलच्या एका लिटरला तीन ते साडेतीन युनिटं धरतो, पण लिटर सापडायला हवेत ना! परवा सांगलीच्या एका इमारतीत जनरेटरच्या खोलीतली वही मिळाली. तेलकट बोटांचे ठसे, कडेला पेन्सिलने "२०० ली. भरले", तारीख नाही. वॉचमनकाका शेजारी बसले, लाइट कुठल्या दिवशी गेली होती ते आठवून एकेक तारीख सांगत गेले. डिझेलच्या पावत्यांशी ताडून आम्ही संध्याकाळपर्यंत वर्ष पुरं केलं.