वाचनालयाचा हिशेब दोन संध्याकाळी, चेंज रिपोर्ट चौदा महिने : माझा अनुभव

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं हिशेबाचं काम मी विनामोबदला घेतलं. जमाखर्च लावायला दोन संध्याकाळी पुरल्या. रोजकीर्द लिहिलेली होती, पावतीपुस्तकांचे क्रमांक सलग होते, अनुदानाचे दोन्ही हप्ते पासबुकात दिसत होते. ताळेबंद अनुसूची आठमध्ये, उत्पन्न-खर्च अनुसूची नऊमध्ये (अनुसूची म्हणजे विश्वस्त कायद्याखालचा ठरलेला नमुना), झालं. पुढचे चौदा महिने गेले ते चेंज रिपोर्टमागे, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवायच्या अर्जामागे. सीए म्हणून गावातल्या संस्थेला हातभार लावायचा विचार असेल तर हिशेबाच्या वह्या मागवायच्या आधी अनुसूची एकचा ताजा, प्रमाणित उतारा मागवा. लोक त्याला ‘पीटीआरचा’, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा, ‘उतारा’ म्हणतात. विश्वस्त कोण, हे सरकारी दफ्तरी त्या एका कागदावर असतं. बँक, आयकर खातं, अनुदान देणारं कार्यालय, सगळे शेवटी तोच मागतात.

आमच्या उताऱ्यावर २००९ सालची समिती होती. अकरा नावं, त्यांतली चार माणसं हयात नाहीत. त्यानंतर २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन निवडणुका झाल्या होत्या. २०१४ चा अर्ज दाखल होता पण निकाल नव्हता. २०१९ चा कोणी दिलाच नव्हता. आणि २०२४ ची नवी समिती उत्साहाने माझ्यासमोर बसून विचारत होती, ‘मॅडम, आमची नावं कधी लागणार?’

मधली कडी तुटलेली असेल तर शेवटची लागत नाही. २०२४ च्या समितीला निवडून देणारी सभा २०१९ च्या समितीने बोलावलेली, आणि २०१९ च्या समितीचा दफ्तरात पत्ताच नाही. म्हणजे अर्ज तीन, आणि ते क्रमानेच पुढे सरकणार.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत अनुसूची तीनमध्ये कळवायचं असतं. हे ९० दिवस कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा. आमची सभा रविवार, १८ ऑगस्ट २०२४ ची. नव्वदावा दिवस आला शनिवार, १६ नोव्हेंबर. पाच दिवसांच्या आठवड्यामुळे शनिवारी कार्यालय बंद. आदल्या शुक्रवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी. म्हणजे मुदतीच्या आतला शेवटचा कामाचा दिवस गुरुवार, १४ नोव्हेंबर. त्याआधी दिवाळी, आणि २० तारखेला विधानसभेचं मतदान, त्यामुळे निम्मी माणसं निवडणुकीच्या कामावर. आम्ही १३ तारखेला अर्ज दिला. ‘अजून तीन महिने आहेत’ असं ऑगस्टमध्ये म्हणणाऱ्या सचिवांना मी तेव्हापासून कुठलीच मुदत महिन्यांत सांगत नाही, तारखेत सांगते.

आता मुख्य दुखणं. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि छापील संच कार्यालयातही द्यायचा. संचात काय काय लागतं याची यादी मला तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळी सांगितली. अखेर गेलं ते असं: अनुसूची तीन, कळवणाऱ्या विश्वस्ताचं प्रतिज्ञापत्र, अनुसूची एकचा उतारा, घटनेची प्रत, सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्ताची प्रमाणित प्रत, निवडून आलेल्या प्रत्येकाचं संमतीपत्र आणि ओळखीचे कागद, पायउतार झालेल्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले. हे सगळं एका बदलासाठी. आम्हाला तीनदा.

यात अडतं कुठे? नव्या लोकांचे कागद आठवड्यात जमतात, त्यांना हौस असते. अडतं ते नोटिशीपाशी. आमच्या घटनेत सर्वसाधारण सभेला पूर्ण पंधरा दिवसांची नोटीस हवी असं लिहिलंय. २०१९ च्या नोटिशीवर तारीख २ ऑगस्ट, सभा १८ ऑगस्टला. वरवर सोळा दिवस. पण जावक नोंदवहीत टपाल गेलं ५ तारखेला. मग पंधरा पूर्ण दिवस भरत नाहीत. ही गोष्ट कार्यालयाने काढायच्या आधी मीच काढली आणि समितीतल्या दोघांनी माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं. ‘तारीख थोडी मागची टाकू’ हा सल्ला तुम्हालाही मिळेल. टाकू नका. वहीतली पुढची-मागची पत्रं तिथेच असतात, खोटी तारीख त्यांच्यामध्ये बसत नाही, आणि तुमच्या नावापुढे सदस्यत्व क्रमांक आहे. आम्हाला वाचवलं गावातल्या वाटप-वहीने: बहुतेक सभासदांना नोटीस शिपायाने २ आणि ३ तारखेला हाती दिली होती, सह्या होत्या. टपालाने गेली ती फक्त बाहेरगावच्या नऊ जणांना. त्या नऊपैकी सात जणांनी ‘आम्हाला सभेची माहिती होती, हरकत नाही’ असं प्रतिज्ञापत्रावर दिलं. उरलेल्या दोघांना कार्यालयाकडून नोटीस गेली, ते आलेच नाहीत.

गणसंख्येचंही तेच. इतिवृत्तात ‘गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब, नंतर त्याच जागी पुन्हा भरली’ हे वाक्य जवळपास प्रत्येक संस्थेच्या वहीत सापडतं, लोक ते मंत्रासारखं लिहितात. ते चालतं का, हे तुमची घटना ठरवते. घटनेत तशी तरतूद नसेल तर त्या वाक्याने सभा वैध होत नाही. तरतूद असली तरी मूळ विषयपत्रिकेबाहेरचा विषय तहकूब सभेत घेता येत नाही, असं आमच्या घटनेत स्पष्ट आहे. निवडणूक विषयपत्रिकेत होती म्हणून आम्ही सुटलो.

कार्यालयाबद्दल माझा राग एकाच गोष्टीचा आहे: त्रुटी एकदम सांगत नाहीत. पहिल्या तारखेला सांगितलं, संमतीपत्रांवर फोटो नाहीत. दुसऱ्या तारखेला, घटनेची प्रत साक्षांकित नाही. तिसऱ्या तारखेला कळलं की २०१४ च्या अर्जात जुन्या विश्वस्तांना काढलेल्या नोटिशींचं बजावणीचं प्रतिज्ञापत्र दाखलच झालेलं नाही, म्हणून तो अर्ज दहा वर्षं तिथेच बसलाय. ही तिसरी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली असती तर पाच महिने वाचले असते. तेव्हा पहिल्या फेरीतच जुन्या प्रकरणाच्या रोजनाम्याची नक्कल मागा. अर्ज नेमका कुठल्या पायरीवर थांबलाय ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं. मी ती चौथ्या फेरीत मागितली. बसभाडं, झेरॉक्स आणि कोर्ट-फीची तिकिटं मिळून तोवर माझे स्वतःचे बरेच पैसे गेले होते. ते संस्थेकडून व्हाउचरवर घ्या, लाजू नका. नाहीतर पुढच्या वर्षी ऑडिटरला हा खर्च दिसत नाही आणि अशी कामं फुकटात होतात असा समितीचा समज होतो.

२०१९ च्या अर्जासोबत विलंबमाफीचा अर्ज लागला. २०१७ च्या दुरुस्तीने ९० दिवसांची मुदत वाढवून देण्याची सोय झाली आहे, मात्र सबळ कारण दाखवावं लागतं आणि खर्चाची रक्कम भरावी लागते. इथे सगळे कोविडचं कारण पुढे करतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला होता हे खरं. पण ऑगस्ट २०१९ च्या सभेचे ९० दिवस नोव्हेंबर २०१९ मध्येच संपले, त्यामुळे त्या आदेशाचा आम्हाला थेट उपयोग नव्हता. आम्ही खरं कारण लिहिलं: त्या वेळचे सचिव आजारी होते, ऑक्टोबरमध्ये वारले, कागद त्यांच्या घरी होते, ते समितीकडे कधी आले त्याची पोच जोडली. कारणाला तारीख आणि कागद असला की वाद घालावा लागत नाही.

पायउतार झालेल्यांपैकी एक जण ना-हरकत द्यायला तयार नव्हते. निवडणुकीत पडल्याचा सल. त्यांच्या दारात दोनदा चहा पिऊन झाला. मग लक्षात आलं की त्यांची सही नसली म्हणून अर्ज मरत नाही. त्यांना नोटीस जाते, हरकत असेल तर ती लेखी मांडावी लागते. त्यांनी काही मांडलं नाही. तेव्हा एकाच सहीसाठी अर्ज अडवून ठेवू नका. नोटीस पाठवल्याची पोचपावती मात्र जपा.

विश्वस्तांच्या नावांतल्या बदलाला आधी तात्पुरती मान्यता आणि ३० दिवसांची हरकतीची नोटीस, हरकत आली नाही तर तोच आदेश कायम, अशी सोयही कायद्यात आहे. शेवटचा, २०२४ चा अर्ज याच वाटेने गेला. पहिले दोन निकाली निघाल्यावर तो बघता बघता पुढे सरकला, त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.

मधल्या काळात सह्या कोणी करायच्या? निवड झाली तेव्हाच बदल घडलेला असतो, चेंज रिपोर्ट ही त्याची नोंद. त्यामुळे मंजुरी येईपर्यंत नव्या समितीने हात बांधून बसायचं नसतं. हे बँकेच्या काउंटरवर पटवायला मात्र कायद्याचं ज्ञान पुरत नाही. खात्यावर अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष अशा दोन सह्या होत्या. अध्यक्ष वारलेले, कोषाध्यक्ष मुलाकडे पुण्याला. ग्रंथपालाचा पगार अडायला नको म्हणून कोषाध्यक्ष होते तसेच ठेवले आणि दुसऱ्या सहीसाठी ठराव, अध्यक्षांच्या मृत्यूचा दाखला, दाखल चेंज रिपोर्टची पोच असा संच दिला. शाखेने तो ‘वरिष्ठांकडे’ पाठवला आणि सात आठवड्यांनी मान्य केला.

आयकराच्या पोर्टलवरचा मोबाइल क्रमांकही दिवंगत अध्यक्षांचा होता. नशीब, सिमकार्ड त्यांच्या सुनेने चालू ठेवलं होतं. ओटीपीसाठी मी त्यांच्या ओट्यावर बसले, पहिल्याच बैठकीत संपर्क-तपशील बदलून नव्या सचिवांचे टाकले. तुमच्या संस्थेचे लॉगिन आणि क्रमांक कोणाकडे आहेत ते आजच बघा, माणसं हयात असताना.

१०बीबीची, म्हणजे आयकराला द्यायच्या संस्थेच्या ऑडिट अहवालाची, एक चूक इतकी वेळा दिसते की इथेच सांगून टाकते. सीएने अहवाल डीएससी (डिजिटल सही) आणि यूडीआयएन (अहवालाचा ओळख क्रमांक) लावून अपलोड केला म्हणजे तो दाखल झाला असं नाही. संस्थेच्या लॉगिनमधून तो स्वीकारावा लागतो. ३० सप्टेंबरला रात्री सीए निर्धास्त झोपतो आणि अहवाल तिकडे ‘स्वीकृतीच्या प्रतीक्षेत’ पडून राहतो. आणि ज्या संस्थांची १२ए (आयकर सवलतीची) नोंदणी ३१ मार्च २०२६ ला संपणारी होती, त्यांना १०एबी हा नूतनीकरणाचा अर्ज ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत भरायचा होता. त्यात विश्वस्तांची नावं येतात, आणि ती अनुसूची एकशी जुळत नसतील तर खुलासा तयार ठेवावा लागतो. आम्ही तीन चेंज रिपोर्टच्या पोच जोडल्या.

एक गोष्ट हो म्हणायच्या आधीच ठरवा: तुम्ही संस्थेचे कोषाध्यक्ष होणार की ऑडिटर? दोन्ही होता येत नाही. मी हिशेब लिहिले आणि अर्जांच्या मागे धावले, म्हणून ऑडिट शेजारच्या तालुक्यातल्या सीएंनी केलं. तेही मानद. मानधन शून्य असलं तरी नेमणुकीचा ठराव आणि पत्र लागतं, यूडीआयएन लागतो, कामाचे कागद जपावे लागतात. फुकट ऑडिटला वेगळं मानक नाही.

हे सगळं मला आधी कुठे शिकता आलं असतं? साठ वर्षांखालच्या सीओपीधारकाला, म्हणजे व्यवसायाचा परवाना असलेल्या सीएला, २०२३ ते २०२५ या टप्प्यात १२० सीपीई (निरंतर व्यावसायिक शिक्षणाचे) तास करायचे होते, त्यांतले किमान ६० स्ट्रक्चर्ड (चर्चासत्रांसारख्या मान्य कार्यक्रमांचे), आणि दरवर्षी किमान २० स्ट्रक्चर्ड. धर्मादाय संस्थांवरच्या दिवसभराच्या चर्चासत्रांना मी बसले आहे. सहा तासांपैकी साडेपाच आयकराच्या कलम ११ आणि निनावी देणग्यांवर जातात. अनुसूची तीनचा कागद पडद्यावर दाखवलेला मी एकदाही पाहिला नाही. वाचनालयाचं काम केलं म्हणून सीपीई तास मिळत नाहीत हेही सांगून ठेवते, पुष्कळांचा तसा समज असतो. आमच्या भागातल्या सहा-सात जणांनी मिळून मग दर दोन महिन्यांनी संस्थांच्या फाइली उघडून बसायचं ठरवलं. पहिल्या बैठकीत फक्त नोटिशीचे दिवस मोजले. दोन तास लागले, आणि तीनपैकी दोन संस्थांचे भरत नव्हते.

एक सांगायचं राहिलं. अंतिम आदेश हातात आला की तिथेच थांबून अनुसूची एकमध्ये नोंद झालेला नवा उतारा मागा, आणि कार्यालयातून बाहेर पडायच्या आधी प्रत्येक नाव पॅनशी ताडून बघा. आमच्या उताऱ्यात सचिवांच्या वडिलांच्या नावातला एक काना गेला होता. खिडकीपाशीच दाखवला म्हणून दुरुस्ती त्याच दिवशी झाली.