आमची वाटचाल : चालकांच्या तासांचा हिशेब

बेळगावच्या उद्यमबागेत ओतीव कामाचे जे छोटे-मोठे कारखाने आहेत, त्यांचा माल पुण्याकडे पोहोचवण्यासाठी वडिलांनी एक दहाचाकी गाडी हप्त्यावर घेतली आणि तेथून आमच्या व्यवसायाला सुरुवात झाली. आज आमच्याकडे ११ गाड्या आणि १६ चालक आहेत. फाउंड्रीचे कास्टिंग चाकण-भोसरीला जाते, हंगामात साखर बंगळूरूला जाते, आणि परतीला जे भाडे मिळेल ते घेऊन गाडी घरी येते. चालकांपैकी निम्मे खानापूर, उचगाव, निपाणी या भागांतील मराठी भाषिक आहेत, तर बाकीचे बैलहोंगल आणि गोकाककडील कन्नड भाषिक आहेत. गाड्या कशा वाढल्या हे सांगण्यासारखे फारसे नाही. सांगायचे आहे ते चालकांच्या कामाचे आणि विश्रांतीचे तास मोजायला आम्ही कसे शिकलो, याविषयी.

वडिलांच्या वेळी लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही असे. तिच्यात गाडीचा क्रमांक, बिल्टीचा (मालासोबतच्या वाहतूक पावतीचा) क्रमांक, निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ एवढेच लिहिले जाई. या दोन वेळांच्या मधले तास चालकाचे, त्यांची चौकशी मालकाने करायची नाही, अशी समजूत होती आणि मीही ती तशीच पुढे चालवली. गाडी वेळेवर पोहोचली की चालक चांगला, एवढेच आमचे मोजमाप होते. चालकाला पगार खेपेवर मिळत असे, त्यामुळे महिन्यात जास्त खेपा करणारा चालक आम्हालाही हवासा वाटे आणि त्याच्या घरच्यांनाही.

काही वर्षांपूर्वी एका पहाटे चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास आमची पुण्याहून परतणारी गाडी तवंदी घाट चढून संकेश्वरच्या बाजूला लागल्यावर सरळ रस्त्यावरून हळूहळू डावीकडे गेली आणि उसाच्या फडात शिरली. समोर दुसरे वाहन नव्हते, चालकाच्या मनगटाला मार लागला, इतक्यावर निभावले. हे चालक वडिलांच्या वेळेपासूनचे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. दवाखान्यात ते मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते, "मालक, डोळे मिटले नव्हते हो माझे, रस्ता दिसत होता."

ते खोटे बोलत नव्हते. फार काळ जागलेल्या माणसाचे डोळे उघडे असतानाही मेंदू काही क्षण झोपतो, आणि ते त्याचे त्याला कळत नाही, हे मला नंतर समजले. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. चार सेकंदांची अशी गुंगी आली, तर सुमारे ६७ मीटर अंतर ती गाडी कोणीही चालवत नसते. त्यातही पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराची झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते, आणि आमच्या परतीच्या बहुतेक गाड्या नेमक्या त्याच वेळी घाट चढत असत.

त्या दिवशी दुपारी मी कार्यालयात बसून फास्टॅगचे मोबाइलवर आलेले संदेश काढले आणि खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी आणि कोगनोळी या नाक्यांवरच्या वेळा एका कागदावर एकाखाली एक मांडल्या. त्या रात्री मामांनी गाडी साडेसहा तासांच्या आसपास चालवली होती. कायद्याच्या दृष्टीने पाहता हे तास मर्यादेतले होते. मग मी मागे गेलो. आदल्या रात्री त्यांनी बेळगाव-चाकण गाडी चालवली होती, सकाळी सहाला ते कारखान्याच्या दारात पोहोचले होते, माल उतरायला दुपारचे तीन वाजले होते, आणि परतीचे भाडे भोसरीत भरून होईपर्यंत रात्रीचे नऊ झाले होते. म्हणजे आदल्या रात्रीपासून त्या माणसाने पाठ टेकली नव्हती. आणि "पहाटेपर्यंत गाडी बेळगावात लागते" असा शब्द मी स्वतः फोनवर दिला होता. हा कागद मी अजून जपून ठेवला आहे.

त्यानंतर मी कायदा वाचला, जो खरे तर आधीच वाचायला हवा होता. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानुसार दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची सर्वसाधारण मर्यादा होती. लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी ती ठरावीक अटींवर १० आणि ५४ तासांपर्यंत जाऊ शकत असे. सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विसावा, आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ९ तास विश्रांती, असे त्यात लिहिले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ९१ वे कलमही चालकांच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवते. २०२० च्या कामगार संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला आहे, पण आमची सगळी घडी १९६१ च्या तरतुदींवरच बसली. तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांना लागू होता. वडिलांच्या दोन गाड्यांच्या काळात आम्ही त्याच्या बाहेर होतो. पुढे केव्हा आत आलो, हे आमच्या लक्षातही आले नाही. त्यातील कामाच्या तासांची व्याख्या मी पुन्हा पुन्हा वाचली. कामगार ज्या वेळात मालकाच्या, किंवा त्याची सेवा मागण्याचा हक्क असलेल्या अन्य कोणाच्या, दिमतीला असतो तो वेळ, अशी तिची सुरुवात आहे. कारखान्याच्या दारात नंबर लागण्याची वाट पाहणारा चालक कोणाच्या दिमतीला असतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि तेथून पुढे आमचा हिशेब बदलला.

गाड्यांवर जीपीएस यंत्रे पूर्वीपासून होती. त्यांच्या जोडीला तासांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही घेतले. पहिल्यांदा जे दाखवण्यात आले, ते युरोपच्या नियमांवर बेतलेले होते. तेथे साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे थांबावे लागते आणि दिवसाला साधारणपणे ९ तासच चालवता येते. नियम उत्तम आहे, पण त्या हिशेबात चाक फिरण्याला महत्त्व, आणि आमचा माणूस थकत होता तो चाक थांबलेले असताना. म्हणून पुण्याच्या एका लहान संगणक संस्थेकडून आम्ही आमच्यापुरते सोपे सॉफ्टवेअर करून घेतले. चालकाच्या मोबाइलवर चार मोठी बटणे असतात : गाडी चालवतो आहे, चढ-उतार, नंबरात उभा आहे, आणि विश्रांती. बटणांवर काय लिहावे यावर बराच खल झाला. मराठी लिहावे तर बैलहोंगलचा चालक अडतो, कन्नड लिहावे तर खानापूरचा. अखेर दोन्ही लिपींत लिहिले. त्यातला "विश्रांती" हा शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच निघाला, आणि त्याचा मला फार आनंद झाला.

सुरुवातीचे काही महिने त्रासाचे गेले आणि त्यातले बरेच दोष आमच्या विचारातले होते. सॉफ्टवेअर रात्री बारा वाजता नवा दिवस धरत असे. संध्याकाळी सहाला निघून सकाळी सहाला पोहोचणारा चालक त्यात एका दिवशी ६ तास आणि दुसऱ्या दिवशी ६ तास असा दिसे, आणि दोन्ही दिवसांपुढे हिरवी खूण येई. प्रत्यक्षात तो सलग १२ तास कामावर असे. मामांचा जुना कागद मी त्या संगणक संस्थेच्या मुलांसमोर ठेवला तेव्हा चूक त्यांच्या ध्यानात आली. आता दिवस बारा वाजता बदलत नाही. चालकाची ९ तासांची सलग विश्रांती पूर्ण झाली की त्याचा नवा दिवस सुरू होतो. माझ्या मते या संपूर्ण प्रणालीतील सर्वांत मोलाची सुधारणा हीच.

दुसरी अडचण चोर्ला घाटात आली. गोव्याकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर बऱ्याच पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते. यंत्र नोंदी साठवून ठेवते आणि रेंज आल्यावर पाठवते, पण सॉफ्टवेअर नोंद पोहोचल्याची वेळ धरत होते, घडल्याची नव्हे. त्यामुळे घाट उतरणारा चालक पाऊण तास विश्रांतीत असल्याचे दाखवले जाई. ही चूक दोन आठवड्यांत दुरुस्त झाली.

तिसरी गोष्ट यंत्राची नव्हती. साखर भरायला गेलेले चालक रांगेत उभे असताना विश्रांतीचे बटण दाबत. मला आधी ती लबाडी वाटली आणि एका चालकाला मी बोललोही. मग एका रात्री मी स्वतः गाडीत बसून गेलो. दर अर्ध्या तासाने पुढची गाडी सरके, मागचा हॉर्न वाजवी, आणि आमचा चालक उठून गाडी तीस-चाळीस मीटर पुढे घेऊन पुन्हा आडवा होई. पहाटेपर्यंत असे बारा वेळा झाले. त्याने बटण दाबले होते कारण तो खरोखरच झोपायचा प्रयत्न करत होता. दुसऱ्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली. आता विश्रांतीच्या काळात गाडी हलली की ती विश्रांती मोडली असे सॉफ्टवेअर समजते आणि ९ तास पुन्हा पहिल्यापासून मोजते. रांगेचे सगळे तास कामात धरले जातात.

तास खरे दिसू लागल्यावर पगाराची पद्धत बदलावीच लागली, कारण खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसाला विश्रांती म्हणजे बुडालेली कमाई वाटते. आता ठरलेला मासिक पगार, बाहेर काढलेल्या प्रत्येक दिवसाचा भत्ता आणि रांगेत गेलेल्या वेळेचे वेगळे पैसे, अशी रीत आहे. लवकर पोहोचल्याबद्दलचे बक्षीस बंद केले. दोन चालक या बदलावर नाराज होऊन सोडून गेले. त्यांतले एक पुढच्या हंगामात परत आले.

सर्वांत मोठा बदल बुकिंगच्या टेबलावर झाला. कोणतेही भाडे घेण्याआधी चालकाचे उरलेले तास पडद्यावर पाहायचे आणि मगच पोहोचण्याची वेळ सांगायची, असा नियम मी स्वतःसाठी आणि आमच्या लिपिकासाठी केला. आधी आम्ही ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत संपेल म्हणून घाई करत असू. पण १ जानेवारी २०२१ पासून त्या बिलावर दर २०० किलोमीटरना किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. पुण्याच्या सुमारे ३४० किलोमीटरना दोन दिवस, आणि बंगळूरूच्या सुमारे ५०० किलोमीटरना तीन. मुदत पुरत होती. घाई आम्ही दिलेल्या शब्दांची होती. आता बंगळूरूची गाडी दावणगेरेच्या परिसरात ठरलेल्या पेट्रोल पंपावर मुक्काम करते. तेथे रात्रभर पहारा असतो, त्यामुळे डिझेल चोरीला जाईल किंवा कोणी ताडपत्री कापेल या धास्तीने चालकाला एक डोळा उघडा ठेवून झोपावे लागत नाही. उद्यमबागेतील आमच्या जागेतही चार खाटांची, पंख्याची एक खोली बांधली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मध्यम आणि अवजड मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. जुन्या गाड्यांतल्या चालकांना उन्हाळ्यातल्या दुपारी झोपायला ही खोलीच आधार आहे.

ग्राहकांकडे आम्ही रांगेच्या तासांची छापील नोंद घेऊन जाऊ लागलो. एका कारखान्याने ती पाहायलाही नकार दिला आणि ते काम आमच्या हातून गेले. दुसऱ्या कारखान्याने आमच्या गाड्यांना उतरवण्याची ठरावीक वेळ दिली, त्यामुळे तिथला सकाळचा खोळंबा बराचसा संपला. इतरांशी बोलणी अजून चालू आहेत.

मामा आता लांब पल्ल्यावर जात नाहीत. ते कोल्हापूरच्या खेपा करतात आणि नव्या चालकांना बटणे शिकवतात. कन्नड भाषिक मुलांना ते कन्नडमध्येच शिकवतात, आणि रांगेचे बटण दाबायला संकोच करू नका, हे प्रत्येकाला निक्षून सांगतात.

जे अजून आमच्या हातात आलेले नाही, ते बाहेरच्या गाड्यांचे. हंगामात आमच्या ११ गाड्या पुरत नाहीत आणि आम्ही हुंडेकऱ्यांकडून (मालवाहतुकीच्या ठेकेदारांकडून) गाड्या घेतो. त्यांच्या चालकांनी आदल्या रात्री झोप घेतली की नाही, हे आम्हाला कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. या हंगामापासून माल भरण्याआधी शेवटच्या सलग विश्रांतीची वेळ त्या चालकालाच विचारून बिल्टीच्या मागे लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. ९ तास भरत नसतील तर त्याला आधी खाट दाखवली जाते आणि गाडी सकाळी भरली जाते. काही हुंडेकऱ्यांनी यावर गाड्या द्यायचे थांबवले आहे. दोघांनी मात्र आपल्या चालकांच्या मोबाइलवर ती चार बटणे बसवून मागितली आहेत, आणि त्यांचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल.