पाशवी, रानटी, हिंस्र आणि आमचा सर्ज्या

गेल्या महिन्यात एका अनुवादाची मुद्रितं तपासताना मी एका शब्दापाशी तीन दिवस अडून राहिले. पुस्तक एका परदेशी बाईच्या आठवणींचं. तिचा नवरा रात्री पिऊन घरी येतो, दाराला आतून कडी लावतो, कमरेचा पट्टा काढतो आणि तिला मारत सुटतो. अनुवादिकेनं लिहिलं होतं, ‘अशा वेळी तो पाशवी होई.’ व्याकरण चोख, ऱ्हस्वदीर्घ चोख. मुद्रितशोधक म्हणून माझं काम तिथंच संपत होतं. पण वाक्य काही पुढे जाऊ देईना.

फोन केला तर अनुवादिका म्हणाली, “मलाही तो खटकतोय, ताई. पण रानटी म्हणू की जंगली? हिंस्र? तुम्हीच सुचवा.”

मी नारायणगावजवळच्या एका वस्तीवर वाढले. घरी दोन बैल, एक म्हैस, कधी एखादी कालवड. सर्ज्या नावाचा आमचा बैल एकदा बाजाराच्या वाटेवर उधळला. मागून ट्रकनं कर्कश हॉर्न दिला आणि तो गाडीसकट चारीत उतरला. अण्णांचा खांदा निखळला. ही आठवण पक्की करायला मी धाकट्या भावाला फोन लावला आणि विचारलं, “सर्ज्या पिसाळला होता तेव्हा तू केवढा होतास रे?”

“पिसाळला कुठं, आक्का? बुजला होता.”

बरोबर होतं त्याचं. त्या रात्री खांदा बांधलेल्या अवस्थेत अण्णा गोठ्यात गेले आणि सर्ज्याच्या मानेवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. आई चिडली होती. अण्णा एवढंच म्हणाले, “भ्यालं होतं जनावर.”

शहरात पंचवीस वर्षं काढल्यावर माझ्या तोंडून सरसकट ‘पिसाळला’ निघालं, याचं मला वाईट वाटलं. कारण गुरं राखणाऱ्यांच्या बोलीत असा सरसकट शब्दच नाही. बैल बुजतो तो भीतीनं. उधळतो ते बुजल्यावर किंवा दावं तुटल्यावर. घोडं बिथरतं. एखादी गाय ओढाळ असते, म्हणजे कितीही हाकला, ती दुसऱ्याच्या पिकात शिरणारच, म्हणून तिच्या गळ्यात लोढणं येतं. ओढाळ गाय कुणाला शिंग लावत नाही, तिला नुसती हिरव्याची ओढ. जी शिंग लावते ती मारकी. मारकेपणालाही बहुतेक वेळा कारण असतं: सड दुखावलेला, पाठीवर जखम, किंवा कुणीतरी काठीनं डिवचलेलं. म्हैस माजावर येते ती साधारण एकवीस दिवसांनी, आणि दीड-एक दिवसात माज उतरतो. त्या काळात ती हंबरते, दाव्याला हिसके देते. अण्णांना त्यात तिचा दोष कधी दिसला नाही, ते रेड्याची सोय बघायचे. माणूस ‘माजला’ असं आपण म्हणतो तेव्हा शब्द गोठ्यातून उचललेला असतो, पण म्हशीचा माज वेळेवर उतरतो हे सोयीनं मागे ठेवलेलं असतं.

आणि पिसाळणं हा तर आजार. कुत्र्याच्या मेंदूपर्यंत रेबीजचा विषाणू पोचलेला असतो. घशाचे स्नायू आखडून त्याला गिळता येत नाही, लाळ गळते, दिसेल त्याला ते चावत सुटतं आणि काही दिवसांत मरतं. ‘पिसाळलेल्या जमावानं दुकानं फोडली’ हे वाक्य आता माझ्या हातून सुटणार नाही. त्या जमावातल्या कुणाच्या मेंदूत विषाणू नव्हता.

आता पाशवी. पशू हा शब्द वेदांच्या काळात मुख्यतः पाळलेल्या जनावरांसाठी होता, गायी, बैल, शेळ्या, मेंढ्या. पशुधन, पशुपालक या शब्दांत तो अर्थ आजही जिवंत आहे. म्हणजे पाशवी म्हणताना आपण ज्याची साक्ष काढतो तो दाव्याला बांधलेला, रवंथ करणारा जीव आहे. जनावर हा फारसीतून आलेला शब्द तर नुसतं ‘जान असलेला’ एवढंच सांगतो. कोणता बैल दाराला कडी लावून पट्टा काढतो?

हिंस्र जास्त नेमका वाटेल. (जाता जाता: हिंस्र, ‘हिंस्त्र’ नव्हे. मूळ हिंस्, त्यात त कुठून येणार? आठवड्यातून चारदा हा त मी खोडते.) पण माझ्या माहेरी या शब्दाचा अर्थ बिबट्या. जुन्नर तालुक्यात उसाचं रान वाढलं आणि बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालू लागली. तोडणी सुरू झाली की पिल्लं सापडतात. मग वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्राचे डॉक्टर पिल्लांना तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, आणि बऱ्याचदा रात्रीत आई येऊन एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. त्याच दातांनी ती शेळी मारते. माझ्या माहेरच्या भागात माणसंही गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत, आणि ते दुःख मी जवळून पाहिलं आहे. तरीही तिला भूक असते, पिल्लं असतात, अचानक समोर आलेल्या माणसाची धास्ती असते. ती आपल्या जोडीदाराला रोज रात्री ठरवून मारत नाही.

रानटी आणि जंगली हे दोन्ही मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले. आमच्याकडे ‘रानात गेलेत’ म्हणजे शेतावर गेलेत. रानातून श्रावणात करटुली यायची, चाईचा मोहोर यायचा. तो घेऊन येणारी ठाकर आदिवासी मावशी ओट्याच्या खाली बसायची आणि आई तिला वर बोलवायची. शाळेत आम्ही माणसाची ‘रानटी अवस्था’ घोकली, आणि मागच्या बाकावर त्या मावशीचाच मुलगा बसलेला होता. त्याच्याकडे वळून पोरं हसली. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला, पण त्याच्या आगेमागे वावरणारे शब्द आपल्या तोंडात राहिले. पक्क्या भिंतींच्या घरात राहणाऱ्या त्या नवऱ्यासाठी मी रानातल्या माणसांचं नाव का खर्च करू?

मग अमानुष? तोही माणसाला माणसांतून बाहेर काढून मोकळा करतो. नराधम मला त्याहून प्रामाणिक वाटतो: नरांतला अधम, पण नरच. मात्र वर्तमानपत्रांनी तो इतका वापरला की आता त्यातून फक्त मथळा ऐकू येतो. निर्घृण सुंदर आहे. संस्कृतात घृणेचा एक अर्थ दया, म्हणून निर्घृण म्हणजे जिथं दया उरली नाही तो. पण पुस्तकातली बाई साधं बोलते, तिच्या तोंडी तो बसेना. तिसऱ्या दिवशी दुपारी, ताट वाढून घेताना, आईचा शब्द आठवला. दयामाया. मी कडेला पेन्सिलीनं लिहिलं: ‘अशा वेळी त्याला दयामाया राहत नसे.’ यात जनावर नाही, रान नाही. त्याच्याकडे जे असायला हवं होतं आणि नव्हतं, तेवढंच आहे.

अनुवादिकेनं ते लगेच घेतलं.

चार पानांनंतर एक रात्र येते. तो पट्टा घेऊन मुलीकडे वळतो. बाई मध्ये पडते आणि त्याच्या मनगटाला असा चावा घेते की पट्टा सुटून खाली पडतो. तिथं अनुवादात होतं, ‘ती हिंस्र झाली.’

आमची कालवड पहिल्यांदा व्यायली तेव्हा वासराजवळ गेलेल्या कुत्र्यावर ती धावून गेली होती. एरवी पोरं तिच्या शेपटीला लोंबकळायची, पण त्या सकाळी तिनं अण्णांनाही गोठ्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. मी ‘हिंस्र झाली’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘चवताळली’.