फ्रूटाची सफरचंदे

टोरी, युटा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा.

अमेरिकेतील युटा राज्याच्या दक्षिण भागातील पाच राष्ट्रीय उद्याने एकाच फेरीत पाहायची, असा बेत करून लास व्हेगासहून भाड्याच्या गाडीने एकटीच निघाले. झायन झाले, ब्राइस कॅनियन झाले आणि आज कॅपिटल रीफला पोहोचले. भव्यतेचे एक असते: सुरुवातीला ती माणसाला गप्प करते, आणि पुढे वळणावळणावर तीच दिसू लागली की नजर नकळत बोथट होत जाते. सोबत कोणी असते तर आम्ही एकमेकांच्या उद्गारांवर तरून गेलो असतो. एकटीला ती सोय नाही.

झायनमधून पूर्वेकडे बाहेर पडताना १९३० साली खुला झालेला, मैलाहून थोडा लांब बोगदा लागतो. खोदकामात निघालेला दगड दरीत ढकलण्यासाठी कड्यात पाडलेली भगदाडे अजून तशीच आहेत, त्यामुळे काळोखातून जाताना मध्येच लाल कडा डोळ्यांसमोरून सरकून जातो. आत गाडी थांबवता येत नाही. बाहेर पडल्यावर मात्र मी ती कडेला लावली आणि एका खडकाशी बराच वेळ रेंगाळले. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्यांचे अफाट वाळवंट होते. वाऱ्याने उतारावर लोटलेल्या वाळूचे थर तसेच तिरके राहून दगड झाले आणि वाऱ्याची दिशा बदलली तसा वरच्या थरांचा कलही बदलला. त्या रेघांवरून बोट फिरवले तर टोकाला वाळूचे कण चिकटले. सह्याद्रीचा काळा, टणक कातळ पाहत वाढलेल्या मला या खडकाचा भुसभुशीतपणा पटेचना. शिवाय वयाने आपला सह्याद्रीच याच्यापुढे कितीतरी लहान.

ब्राइसची पहाट थंडीने कुडकुडत पाहिली. आठ-नऊ हजार फुटांवरील या कड्यांच्या भेगांत मुरलेले पाणी रात्री गोठून फुगते आणि दिवसा वितळते. हे चक्र वर्षातून दीडशेहून अधिक वेळा चालते, आणि त्यातून कोरले गेलेले सुळके, ज्यांना इकडे ‘हूडू’ म्हणतात, सूर्य वर येताच आतून पेटल्यासारखे दिसतात. कठड्याशी कॅमेऱ्याच्या तिपायांची इतकी दाटी होती की मी लवकरच काढता पाय घेतला.

एस्कलांटेहून बोल्डरकडे येणारा बारा क्रमांकाचा महामार्ग एका ठिकाणी अरुंद धारेवरून जातो. तिथे दोन्ही बाजूंना जमीन खाली निघून जाते आणि मधे उरतो तो केवळ रस्ता. एकट्याच्या प्रवासातला खरा तोटा इथे जाणवला, कारण चालवणाऱ्याला दरी पाहण्याची मुभा नसते. पुढे बोल्डर डोंगरावर ॲस्पेनची झाडे पिवळी झाली होती. यांच्यातला एकेक समूह एकाच मुळापासून फुटलेला असतो, म्हणून एक समूह पूर्ण सोनेरी आणि त्याला खेटून उभा असलेला दुसरा अजून हिरवा, असे डोंगरभर तुकडे पडलेले दिसतात.

कॅपिटल रीफ म्हणजे जमिनीला पडलेली जवळपास शंभर मैल लांबीची वळी. या पाचांत त्याचे नाव कमी घेतले जाते. तिथे फ्रीमाँट नदीकाठी फ्रूटा नावाची जुनी वस्ती आहे. १८८० च्या सुमारास मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची कुटुंबे येथे आली. घरे दहाच्या वर क्वचितच गेली, पण त्यांनी नदीचे पाणी पाटाने आणून सफरचंद, पेर, पीच, जर्दाळू लावले. १८९६ साली बांधलेली एका खोलीची शाळा १९४१ मध्ये बंद पडली. माणसेही गेली, बागा मात्र राष्ट्रीय उद्यानाने सांभाळल्या आहेत. हंगामात कोणीही आत जावे, झाडाखाली हवी तेवढी फळे फुकट खावीत आणि घरी न्यायची असतील तर वजन करून पैसे पेटीत टाकावेत, असा नियम आहे.

आज दुपारी मी तेच केले. तिथे ठेवलेली लांब काठी, जिच्या टोकाला फळ अलगद ओढून घेणारी पिशवी असते, थेट आपल्या कोकणातल्या आंबे काढायच्या झेल्यासारखी निघाली. पहिले सफरचंद हिरवट, एका बाजूने किड्याने टोकरलेले आणि आंबटगोड होते. ते चावत मान वर केली तर पानांमागे पाचशे-सातशे फुटांचा लाल कडा उभा होता, आणि कितीतरी वेळाने तो मला नीट दिसला. झाडाची उंची, शिडी, शाळेची खिडकी अशी मापे समोर असली की कड्याचा आकार समजतो. नुसत्या कड्यांच्या रांगेत ते माप हरवते. याच कड्याच्या पायथ्याशी, मॉर्मनांच्या कितीतरी आधी इथे राहून गेलेल्या फ्रीमाँट लोकांनी कोरलेल्या माणसांच्या आणि रानमेंढ्यांच्या आकृती आहेत. म्हणजे या पाण्यापाशी थांबावेसे वाटलेली मी काही पहिलीच नव्हे.

संध्याकाळी बागेत हरणे चरायला आली आणि खाली पडलेली फळे शोधू लागली. आईला फोन लावायचा होता, पण रेंज टोरीत परतल्यावरच मिळाली. “एकटीने काय खाल्लंस?” या तिच्या नेहमीच्या प्रश्नाला आज निदान सांगण्याजोगे उत्तर होते.

उद्या मोआबला पोहोचून आर्चेस आणि कॅनियनलँड्स दोन्ही उरकायचे ठरले होते. मी मोआबमधले पहिल्या रात्रीचे आरक्षण रद्द करून इथलीच खोली एक रात्र वाढवून घेतली. कॅनियनलँड्स या खेपेस राहील. सकाळी पाटाच्या कडेने वरपर्यंत चालत जाऊन पाणी कुठून वळवले आहे ते पाहायचे आहे, आणि जमल्यास आणखी दोन-तीन किलो सफरचंदे गाडीत टाकायची आहेत.