तुम्ही विचारलंत म्हणून: बायका खरं सांगतात का?

बेळगावात हळदीकुंकवाला गेले आणि बायकांना लैंगिक आरोग्याबद्दल विचारायचं हे माझं काम कुणाला कळलं, की हळूच एक प्रश्न येतो: "असलं विचारल्यावर बायका खरं सांगतात का हो?"

सांगतात. फक्त दार लावलेलं हवं, सासू बाहेर हवी आणि विचारणारी त्याच गल्लीतली नको. गावातली आशाताई कितीही भली असली तरी तिच्यापुढे बोलायचं म्हणजे उद्या नळावर चर्चा, ही धास्ती असते. खानापूरकडच्या बायका दवाखान्यात येतात त्या 'अंगावरून पांढरं जातं' नाहीतर 'कंबर धरते' म्हणून. पण संबंधाच्या वेळी दुखतं का, हा प्रश्न आला की थबकतात. "हे पण सांगायचं असतंय होय?" मग बाळंतपणानंतरचा कोरडेपणा, पिशवी काढल्यापासूनचा त्रास, सगळं बाहेर येतं.

माझी शंका बायकांवर नसते, कागदावर असते. आम्ही मराठीत आणून पारखतोय ती एफएसएफआय (फीमेल सेक्शुअल फंक्शन इंडेक्स) ही बायकांच्या लैंगिक आरोग्याची प्रश्नावली २००० साली अमेरिकेत तयार झाली. प्रश्न १९, सगळे गेल्या चार आठवड्यांबद्दलचे: इच्छा, उत्तेजना, ओलावा, परमोच्च सुख, समाधान, वेदना. गुण जास्तीत जास्त ३६. २६.५५ किंवा त्याखाली आले तर अडचण असण्याची शक्यता धरायची, हे २००५ मध्ये तिकडच्या बायकांवरून ठरलं. इथे तोच आकडा लागू पडतो का, ते डॉक्टरांनी स्वतंत्रपणे केलेल्या तपासणीशी ताडूनच कळेल. भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक हे रीतसर होतं, त्यात फार सांगण्यासारखं नाही.

घोळ पुढे आहे. यातल्या १५ प्रश्नांना 'या काळात संबंध आला नाही' असं एक उत्तर आहे आणि त्याला शून्य गुण. आता बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. आसपासच्या खेड्यांत नवरा सैन्यात असलेल्या बायका कमी नाहीत. अशा एखादीला इच्छा पुरेपूर, संसारात समाधानही पुरेपूर असलं, तरी तिची बेरीज १० च्या वर जाऊच शकत नाही. मी मांडून पाहिलंय: इच्छेचे ६, समाधानाचे ४, बाकी चार रकान्यांत भोपळा. कागद म्हणतो बाई आजारी. बाई म्हणते, नवरा लेहला आहे, मी काय करू? श्रावणाचंही तेच. कित्येक घरांत तो महिना पाळतात आणि नेमके तेच चार आठवडे आपण विचारायचे! म्हणून हे शून्यवाले कागद आम्ही बेरजेत न घेता वेगळे बांधतो. शिवाय 'याचा तुम्हाला त्रास होतो का' हे निराळं विचारतो, कारण बाईला स्वतःला त्रास वाटत नसेल तर डॉक्टरी व्याख्येतही तो विकार ठरत नाही.

सीमाभागाची म्हणून एक खास अडचण आहे. घरात मराठी बोलणारी, पण कन्नड शाळेत शिकलेली सून. मराठी कागद वाचताना ती अडखळते. कन्नड द्यावा, तर त्याची पारख वेगळी करायला हवी; दोन्हींचे गुण सरसकट एकत्र करता येत नाहीत. वाचून दाखवावा, तर समोर माणूस बसल्याबरोबर उत्तरं 'बरं आहे की' कडे सरकतात. सध्या आम्ही कोणी स्वतः वाचला आणि कोणाला वाचून दाखवला, याची निदान नोंद ठेवतो.

फेरचाचणीचं तर विचारूच नका. तोच कागद त्याच बाईला दोनेक आठवड्यांनी परत द्यायचा. मध्ये काही बदललं नसेल तर गुण साधारण तेवढेच यायला हवेत. एकीचे एकदम दुपटीच्या वर गेले. आमचे आकडेमोडवाले सर प्रश्नावलीतच खोट शोधत बसले. शेवटी तिलाच विचारलं. मधल्या काळात नवरा रजेवर येऊन गेला होता! तेव्हापासून दुसऱ्या खेपेच्या कागदावर सुरुवातीलाच आम्ही आमचा एक प्रश्न घातलाय: मागच्या वेळेनंतर घरी कोण आलं, कोण गेलं?