शनिवारच्या बैठकीचा क्रम बदलताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी गुणवत्ता विभाग सांभाळतो. आमची शनिवारची आढावा बैठक म्हणजे, खरे सांगायचे तर, आठवड्याचे रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, कोणाच्या माथी मारायचे हे ठरवण्याची जागा होती. मालक आधी बोलत, मग विभागप्रमुख आपापली बाजू सावरत, आणि प्रत्यक्ष साचे करणारी व धातू ओतणारी माणसे भिंतीला टेकून उभी राहत. त्यांना काही विचारलेच, तर ‘काय न्हाई साहेब, समदं बरं हाय’ एवढेच उत्तर मिळे.

ही पद्धत बदलून पाहण्यासाठी मालकांनी तीन महिन्यांची मुभा दिली. पहिला प्रयोग सपशेल फसला. सहा जणांनी पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहायच्या, कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा आणि अशा सहा फेऱ्या करायच्या, ही ‘६-३-५’ नावाची जर्मन पद्धत मी आणली. अर्ध्या तासात १०८ कल्पना, हे गणित बिनचूक आहे. पण आमच्या मोल्डिंगवरच्या, म्हणजे साचे करणाऱ्या, अनेकांना लिहिण्याचा सराव नव्हता, आणि साहेबांनी अक्षर ओळखले तर काय, ही धास्ती वेगळीच. चार कागद कोरेच फिरले.

मग लिहिणे सोडून दिले. एक मिनिट प्रत्येकाने मनाशी विचार करायचा, दोन मिनिटे जोडीने बोलायचे, चार मिनिटे चौघांनी, आणि शेवटची पाच मिनिटे सर्वांनी मिळून. चौघांतर्फे एकच जण बोलत असल्याने मुद्दा मुळात कोणाचा, हे कळत नसे. बोलण्याचा क्रमही उलटा केला: हेल्पर आधी, मालक शेवटी. यात सर्वांत अवघड गेले ते मालकांचे गप्प बसणे. पहिले तीन शनिवार ते मध्येच बोललेच.

जुलैच्या पावसात कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागांत, वायूची छिद्रे येत होती आणि आम्ही दोष वाळूत व धातूत शोधत होतो. चौथ्या शनिवारी कोअर विभागाच्या गटाकडून कळले, की सोडियम सिलिकेटचे कोअर, म्हणजे भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे घट्ट ठोकळे, रात्रभर शटरजवळ पडून राहतात. ते ओल शोषतात, आणि वितळलेले लोखंड ओतले की त्या ओलीची वाफ होते. ‘आधी का सांगितलं नाही?’ या मालकांच्या प्रश्नावर मागून कोणीतरी म्हणाले, ‘इचारलं कुणी, मालक?’

कोअर विभागाचा सुपरवायझर मात्र दुखावला. त्याची समजूत घालण्यात माझे दोन दिवस गेले. तेव्हापासून बैठकीत माणसाचे नाव घ्यायचे नाही, फक्त पाळी आणि हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक, सांगायचा, असे ठरले.

पुढच्या महिन्यात नोंदलेले दोष वाढले, तेव्हा मालक प्रयोग गुंडाळायलाच निघाले होते. पूर्वी गुपचूप भट्टीत परत जाणारे तुकडे आता वहीत येत आहेत, हे त्यांना पटवायला मला भंगाराचे वजन आणि वहीतली नोंद शेजारी-शेजारी मांडून दाखवावी लागली. वजन पूर्वीइतकेच होते. त्यांनी आकडे दोनदा तपासले आणि मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवली.