कॅमेरा झकास, बाकी फोन म्हातारा: घ्यावा का?

नोकिया लुमिया १०२० आठवतोय? २०१३ साली आलेला, पिवळ्याधमक रंगातला. ४१ मेगापिक्सेल, १/१.५ इंची सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी लेन्स सावरणारी यंत्रणा), झेनॉन फ्लॅश. आत मात्र आदल्या वर्षीच्या लुमिया ९२०मधलाच दोन कोअरचा स्नॅपड्रॅगन एस४ प्रोसेसर. एक फोटो काढला की पुढच्यासाठी तीन-चार सेकंद ताटकळायचं. लग्नात अक्षता पडताना एक फोटो मिळायचा, तोही अप्रतिम. दुसरा दाबेपर्यंत वधूवर खाली बसलेले.

त्याच्याआधीचा नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू (२०१२) तर कागदावर आणखी दुबळा होता. एकच कोअर, ५१२ एमबी रॅम, सिम्बियन ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम. तरी ४१ मेगापिक्सेलचा फोटो आटवून ५ मेगापिक्सेलचा करायला तो असा अडखळत नसे, कारण त्या कामाला वेगळी चिप होती. १०२०मध्ये ती नव्हती, सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर आलं. म्हणून ‘हार्डवेअर जुनं आहे’ असं कोणी सांगितलं, की नेमकं कोणतं जुनं ते आधी विचारावं. फोटोवर प्रक्रिया करणारा भागच जुना असेल तर चांगली लेन्स त्याची भरपाई करू शकत नाही. तो भागही कॅमेराच असतो.

गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये हे लख्ख दिसतं. सोनीचा आयएमएक्स३६३ हा सेन्सर पिक्सेल ३ (२०१८) पासून पिक्सेल ६ए (२०२२) पर्यंत चालला. २०१९च्या पिक्सेल ३एमध्येही तोच होता, पण ‘व्हिज्युअल कोअर’ ही प्रतिमेसाठीची खास चिप काढली होती आणि प्रोसेसर मध्यम, स्नॅपड्रॅगन ६७०. फोटो जवळजवळ पिक्सेल ३सारखाच, फक्त तयार व्हायला जास्त वेळ. ‘नाइट साइट’ हा त्यांचा अंधारातला मोड फोन हातात धरून १५पर्यंत फ्रेम, म्हणजे सलग फोटो, घेतो आणि जोडून एक करतो. १२ मेगापिक्सेलची एक कच्ची, प्रक्रिया न झालेली फ्रेम, दर चित्रबिंदूला दोन बाइट धरले, तर साधारण २४ एमबी. पंधरांचे झाले ३६० एमबी, आणि जोडणी चालू असताना लागणारी जागा वेगळी. ४ जीबी रॅमच्या फोनवर एवढी जागा करायला मागचं काहीतरी बंद होतं. बहुधा चालू असलेलं गाणं.

आमचं मत स्पष्ट आहे. दिवसाच्या उजेडात, सावकाश, एकेक फोटो काढणाऱ्याला जुना फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा त्या काळचा सर्वांत भारी फोन, परवडतो. पळणारी पोरं, रात्रीचे फोटो आणि लांब व्हिडिओ यांसाठी नाही. मध्यम कॅमेऱ्याचा नवा फोन तिथे पुढे जातो.

सेकंड हँड घेताना दुकानातच दहा मिनिटं काढा. फोन लॉक असताना थेट कॅमेरा उघडा, एचडीआर (उजेड-सावली जुळवणारा मोड) चालू ठेवून लागोपाठ दहा फोटो काढा आणि लगेच गॅलरीत शेवटचा पाहा. तो बराच वेळ धूसर राहिला किंवा शटर मध्येच अडलं, तर घरी गेल्यावर ते सुधारणार नाही. गाणं लावून नाइट मोड वापरा, गाणं थांबतंय का बघा. मग ४के व्हिडिओ पाच मिनिटं. गरम झाल्याची सूचना येणं, चित्र अडखळणं, दोन्ही वाईटच. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

बॅटरी ३० टक्क्यांखाली असताना फ्लॅश मारून फोटो काढा. फोन झपकन बंद पडला तर बॅटरीचा आंतरिक रोध वाढलाय: झटक्यात जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. बॅटरी बदलून हे सुटतं, तो खर्च किमतीतून वळता करून घ्या. स्थिर धरूनही चित्र थरथरत असेल तर बहुधा स्टॅबिलायझेशन गेलंय. मोटारसायकलच्या हँडलला बांधलेल्या फोनचं हे होऊ शकतं. इंजिनाच्या कंपनांबद्दल अॅपलनेही २०२१मध्ये इशारा दिला होता. अशा फोनचा सौदा सोडा, कॅमेऱ्याचं मॉड्यूल बदलण्याचा खर्च वसूल होत नाही.

स्टोरेजची किमान पाचवा हिस्सा जागा मोकळी ठेवा. स्टोरेजची चिप (फ्लॅश मेमरी) भरत आली की लिहिण्याआधी जुने ब्लॉक पुसावे लागतात, आणि शटर दाबल्यावरचा उशीर तिथूनही येतो.

सॉफ्टवेअर अपडेट बंद झालेला फोन मुख्य फोन म्हणून ठेवू नका. १०२०च्या ‘विंडोज फोन’ या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं व्हॉट्सअॅप ३१ डिसेंबर २०१९ला बंद झालं. त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचा तर आता आधी फोनबाहेर काढावा लागतो. असा फोन नुसता कॅमेरा म्हणूनच वापरा. सिम काढा, बँकेची अॅप आणि फोनमधली लॉगिन खाती काढून टाका, फ्लाइट मोड लावा. बॅटरीही जास्त टिकते. फोटो दर आठवड्याला संगणकावर उतरवा, कारण १०२०ला मेमरी कार्डाची खाच नाही आणि त्याची एकेक कच्ची डीएनजी फाइल ४० एमबीच्या वर जाते.